शांत पंखा

घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत, लग्नपत्रिकांचं एक दुकान होतं. मालकाचं नाव विश्राम लोटणकर. माणूस अगदी नावासारखा. आवाज म्हणून सहन व्हायचा नाही त्याला. समोरच्या हॉटेलात कपबशी पडली, तरी याच्या कपाळाला आठी. आणि दैवाची गंमत बघा, अशा माणसाच्या वाट्याला दोन आवाज आले होते, तेही एकाच खोलीत.

पहिला आवाज कॉम्प्युटरचा. कॉम्प्युटरच्या पोटात एक लोखंडी डबा असतो. भिंतीतली वीज तो घेतो आणि मशीनला पचेल अशी करून आत वाढतो. त्या डब्याला थंड ठेवायला आतच एक तळहाताएवढा पंखा असतो. विश्रामच्या कॉम्प्युटरचा हा पंखा सकाळी सुरू झाला की संध्याकाळपर्यंत नुसता घर्रर्र, घर्रर्र. मधेच टक् टक् टक्. भाताच्या गिरणीत बसल्यासारखं वाटायचं.

दुसरा आवाज आक्काचा. आक्का म्हणजे विश्रामची थोरली बहीण, अनसूया. बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा विश्राम चार वर्षांचा होता. आक्कानं त्याला न्हाऊ-माखू घातलं, पाटीवर हात धरून बाराखडी गिरवून घेतली, आणि या सगळ्यात तिचं लग्न राहून गेलं. पुढं याचंही राहिलं. साऱ्या तालुक्याच्या लग्नपत्रिका छापणारी ही दोन भावंडं दुकानामागच्या दोन खोल्यांत एकमेकांना धरून राहायची.

आक्का शाळामास्तरीण. निवृत्त झाली आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात येऊन बसली. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल हातात घ्यायची आणि प्रत्येक पत्रिका छापण्याआधी तपासायची. आता तपासायची ती मनातल्या मनात तपासावी की नाही? छे! खणखणीत आवाजात, टिंबासकट वाचायची. "चि. सौ. कां. तिन्हीपुढं टिंब. 'कां'च्या डोक्यावर अनुस्वार. सुलोचना, पहिला उकार. श्रीकृपेकरून, 'रू'ला दुसरा उकार. विशा, पहिला काढलास! पहिला!" पंख्याची घरघर वाढली की आक्का आवाज चढवायची. पेठेतली माणसं म्हणायची, लोटणकरांकडे शाळा भरली. पण चूक मात्र एका पत्रिकेत सापडायची नाही. म्हणून तर लोक जिल्ह्याचं गाव सोडून इथं पत्रिका करायला यायचे.

दिवाळी झाली, लग्नसराई आली. एक दिवस दुकानात गर्दी, विश्रामचं डोकं ठणकत होतं, पंखा घरघरत होता आणि आक्का सांगत होती, "विशा, पाटील 'पाटिल' झालेत बघ. दुसरी वेलांटी! किती वेळा सांगू, दुसरी!"

विश्रामचा तोल गेला. चार गिऱ्हाइकांसमोर तो ओरडला, "एक हा पंखा आणि एक तू! दोघांना एकदाचं शांत करायला पाहिजे!"

आक्का वाचायची थांबली. चष्मा काढून तिनं भावाकडं पाहिलं. सगळा जन्म तिनं शब्द तपासण्यात घालवलेला.

"शांत दिवा होतो, विशा," ती म्हणाली. "आणि माणूस होतो. तुला 'गप्प' म्हणायचं होतं, हो ना?"

आता एवढा सोपा दरवाजा उघडून दिला होता बाईनं. 'हो आक्का, गप्प म्हणायचं होतं' एवढं म्हणाला असता तर चारचा चहा दोघांनी एकत्र घेतला असता. पण गिऱ्हाइकं बघत होती ना! विश्राम म्हणाला, "जे म्हणालो ते म्हणालो."

आक्कानं पेन्सिल डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती घाटावर, मावसबहिणीकडं, कुसुमकडं निघून गेली. जाताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुसुमचा फोन नंबर लिहून गेली, स्वच्छ, टपोऱ्या आकड्यांत.

एक आवाज गेला. दुसऱ्यासाठी विश्रामनं नंदूला बोलावलं. नंदू पेडणेकर म्हणजे पेठेतला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, हाताचा कसबी आणि तोंडाचा मोकळा. नंदूनं प्लग काढला, वीज देणारा डबा बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि चहा मागवून निवांत बसला.

"उघड की," विश्राम म्हणाला.

"थांबा, विश्रामभाऊ. प्लग काढला म्हणून आतली वीज गेली असं नसतं. साठून राहते ती. घाईनं हात घातलात तर असा झटका देईल की बस्स."

चहा झाला, आणखी बराच वेळ गेला, मग नंदूनं स्क्रू सोडवले. आत गोधडीतल्या कापसासारखी धूळ. त्यानं पंखा बोटानं फिरवून कानाशी नेला. "पंखा चांगला आहे हो. धूळ बसलीय आणि तेल सुकलंय. पुसतो, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब टाकतो. आवाज निम्मा होईल."

"निम्मा नको. अजिबात नको."

"मग हा घ्या, नवा. ऐकूच येत नाही. पण एक सांगून ठेवतो, हा वारा कमी टाकतो. उन्हाळ्यात मशीनला दिवसभर जुंपू नका. जुना आवाज करत होता, पण राबत होता बिचारा."

"शांत पाहिजे मला, नंदू. बसव तो."

नंदूनं नवा पंखा बसवला. जुना टाकून द्यायला निघाला, तर का कोण जाणे, विश्राम म्हणाला, "राहू दे. ड्रॉवरमध्ये ठेव."

मग दुकानात शांतता आली. पहिले आठ दिवस विश्राम खूश. जो येईल त्याला सांगायचा, "ऐका! काही ऐकू येतंय? नाही ना?" माणसं कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "खरंच की." आणि मग खुर्चीवर आक्काची उशी दिसली की गप्प व्हायची.

दुसऱ्या आठवड्यात विश्रामला भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. मग स्वतःचा घोट गिळल्याचा आवाज. चार वाजता तो दोन कप मांडायचा आणि एक परत फळीवर ठेवायचा. एखादं नाव टाइप करताना त्याचा हात हवेत थांबायचा. पहिली वेलांटी की दुसरी? हात थांबायचा, कान थांबायचे आणि उत्तर यायचं नाही. मग तो आपल्या मनानं काहीतरी टाइप करायचा. वीस वर्षं पत्रिका करत होता, पण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, हे त्याला आताच कळत होतं.

आठवण तरी कशी यावी माणसाला! चांगल्या गोष्टींची येते म्हणतात. विश्रामला आक्काच्या ओरड्याची यायची. 'दुसरी, विशा, दुसरी!' हे ऐकायला त्याचा जीव तळमळायचा. कॅलेंडरवरचा नंबर त्याला पाठ झाला. दर रविवारी तो फोन हातात घ्यायचा, नऊ आकडे दाबायचा आणि दहाव्याला थांबायचा. 'आधी तिनं करावा. सोडून ती गेली, मी नाही,' असं स्वतःलाच सांगायचा. मग ड्रॉवर उघडायचा, जुना पंखा काढायचा आणि बोटानं फिरवायचा. घर्र, एवढंच व्हायचं आणि पंखा थांबायचा. डोळे भरून यायचे त्याचे. पन्नाशीचा माणूस, पंखा हातात घेऊन बसलेला, आणि तरी दहावा आकडा काही दाबायचा नाही. हट्ट म्हणजे काय, ते त्याच्याकडं बघून कळावं.

असे पाच महिने गेले. मे महिना आला. उन्हानं पेठेतलं डांबर मऊ झालं.

एका सकाळी दुकानात महादेव शिर्के आले. सगळे त्यांना बापू म्हणायचे. वय शहाऐंशी. काठी टेकत खुर्चीवर बसले आणि खिशातून एक पत्रिका काढली. त्यांच्या नातीच्या लग्नाची, विश्रामनंच चार दिवसांपूर्वी करून दिलेली.

"विश्राम," बापू म्हणाले, "गेलो कधी रे मी? तिथी तरी छापायचीस. घरच्यांना श्राद्ध घालायला बरं पडलं असतं."

विश्रामनं पत्रिका हातात घेऊन वाचली. 'कै. महादेव धोंडो शिर्के यांची नात.' जुन्या पत्रिकेवरच नवी जुळवायची त्याची पद्धत. त्या पत्रिकेतले आजोबा कैलासवासी होते. यानं त्यांचं नाव पुसून बापूंचं घातलं आणि मागचं 'कै.' तसंच राहिलं. शेजारी बसून 'कै. पुढं टिंब' असं वाचणारं कुणी असतं, तर तिथंच बोंब झाली असती.

"सून रडतेय घरात," बापू म्हणाले. "अपशकुन म्हणते. मी हसण्यावारी नेतोय. पण खरं सांगू? सकाळी आरशात दोनदा बघितलं मी."

विश्राम पाया पडायला वाकला. "बापू, संध्याकाळपर्यंत सगळ्या पत्रिका नव्या करून देतो. आक्का इथं नाही, म्हणून..."

"ती इथं नाही हे पाच महिने तुझ्या पत्रिका वाचून साऱ्या गावाला कळतंय," बापू म्हणाले. "चारला येतो."

विश्राम कामाला भिडला. नंदूचं बोलणं तो विसरून गेला. भर उन्हाच्या दिवशी, पत्र्याखाली, मशीन सकाळपासून सलग चालू. पंखा आपला शांतपणे फिरत होता, जेमतेम फुंकर घालत होता, आणि डबा तापत होता. कुठं घरघर नाही, कुठं टक् टक् नाही. साडेतीनला जळका वास आला. विश्राम मान वर करतोय तोवर फट् झालं आणि पडदा काळा पडला.

नंदू धावत आला. डब्याला हात लावून त्यानं चटकन मागं घेतला. "तवा झालाय नुसता! सांगितलं होतं ना तुम्हाला? जुना असता तर तासभर आधी बोंबलला असता. तुम्ही वैतागून मशीन बंद केलं असतं आणि वाचलं असतं. याला ओरडताच येत नाही."

तेवढ्यात बापू आले. काळा पडदा बघून म्हणाले, "हाही कैलासवासी झाला म्हणायचा."

बापूंनी काठी जमिनीवर आपटली. "ऐक, विश्राम. लग्नाला पंधरा दिवस आहेत. पत्रिका मी तुझ्याकडूनच घेईन. पण अनसूयेनं वाचून लाल पेन्सिलीनं खूण केलेली असेल तरच. नाहीतर तोंडी आमंत्रण करत हिंडेन, पण तुझा कागद घरात नको."

बापू गेले. नंदूनं विचारलं, "परवापर्यंत दुसरा डबा आणून बसवतो. पंखा त्याला आवाज न करणारा आहे, तोच ठेवू?"

विश्रामनं ड्रॉवर उघडला. जुना पंखा नंदूच्या हातात दिला. "हा बसतोय का बघ. धूळ काढ, तेल घाल."

"आवाज करेल, विश्रामभाऊ."

"करू दे."

दुसऱ्या दिवशी विश्राम पहिल्या एसटीत बसला. घाट चढताना त्याला एकच भीती होती. आक्कानं तोंड फिरवलं तर? 'जे म्हणालास ते म्हणालास' असं म्हणाली तर? नंदूनं डबा उघडण्याआधी किती वेळ वाट बघितली होती, ते त्याला आठवलं. प्लग काढला तरी आत वीज साठून राहते, म्हणाला होता. माणसात काय साठून राहत असेल, राग की माया, हे हात घातल्याशिवाय कळायचं नव्हतं.

कुसुमच्या ओटीवर आक्का बसली होती. वाळली होती. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि हातात नवी लाल-निळी पेन्सिल. विश्रामला बघून ती उठली नाही. फक्त डब्याचं झाकण लावायला गेली आणि तिच्या हातातून डबा निसटून खाली पडला.

ओटीभर पत्रिका पसरल्या. सगळ्या विश्रामच्या दुकानातल्या. घाटाखालून कुसुमकडं आमंत्रण आलं की पत्रिका आक्काकडं यायची आणि आक्का ती तपासायची. छापून, वाटून, लग्न लागून गेलेल्या पत्रिका! प्रत्येकीवर लाल खुणा. इथं वेलांटी, तिथं उकार. सगळ्यात वर बापूंच्या नातीची. 'कै.'भोवती लाल गोल आणि खाली तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं, 'विशा, हे काय केलंस रे?'

विश्रामनं ती पत्रिका उचलली. "आक्का, ही पाठवायची नाहीस का गं मला? फोन तरी करायचास."

"कुठल्या तोंडानं?" आक्का म्हणाली. "ज्याला शांत करायचंय ते माणूस ओरडतं का कधी?"

विश्रामला रडू आवरलं नाही. "आक्का, मला 'गप्प' म्हणायचं होतं गं."

"गप्प तरी का म्हणायचं होतं?"

"चुकलं माझं."

आक्कानं पदरानं त्याचं तोंड पुसलं, तो चार वर्षांचा असताना पुसायची तसं. "पाच महिने लागले तुला एक शब्द दुरुस्त करायला," ती म्हणाली. "आता नीट ऐक. 'शांत' हा शब्द माझ्यासाठी राखून ठेव. वेळ आली की वापर. आणि तेव्हा 'कै.' लावायला विसरू नकोस. टिंबासकट."

"काहीतरी बोलू नकोस."

"बघ! परत गप्प करतोयस!" आणि आक्का हसली. हसता हसता तिच्याही डोळ्यांना पाणी आलं.

दोघं संध्याकाळच्या एसटीनं घाट उतरली. दोन दिवसांनी पत्रिका नव्यानं जुळली. नंदूनं साफ करून, तेल घालून बसवलेला पंखा घरघरत होता, पहिल्यापेक्षा निम्म्या आवाजात. त्याच्यावर आवाज चढवून आक्का वाचत होती. "श्री. महादेव धोंडो शिर्के. श्री. पुढं टिंब." समोर बसलेले बापू म्हणाले, "परत एकदा वाच गं ते." आक्कानं परत वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

त्यानंतर आठ वर्षं तो पंखा चालला. दर पाडव्याला नंदू यायचा, धूळ काढायचा, तेलाचा थेंब टाकायचा. आणि रोज चार वाजता विश्राम आक्काला आल्याचा चहा करून द्यायचा, आवाज बसू नये म्हणून. आवाज बसतच गेला, वय झालं होतं. शेवटी शेवटी पंखा मोठा वाटायचा आणि आक्का बारीक. मग विश्राम खुर्ची ओढून तिच्या तोंडाशी कान न्यायचा.

एका दुपारी आक्का शांत झाली. आता शब्द बरोबर होता.

उत्तरकार्याची पत्रिका दुसऱ्या कुणाला करू देणं शक्यच नव्हतं. विश्रामनं स्वतः जुळवली. एक प्रत काढली. रिकाम्या खुर्चीशेजारी उभं राहून, पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवून तो वाचू लागला. सगळ्या वेलांट्या बरोबर. सगळे उकार बरोबर. 'आमची ज्येष्ठ भगिनी अनसूया गोविंद लोटणकर' इथं आला आणि थांबला.

नावामागं 'कै.' नव्हतं. जिवंत माणसाला न विचारता लावून बसलेला त्याचा हात, आज लावायचं तिथं वळलाच नव्हता.

त्यानं डब्यातून लाल-निळी पेन्सिल काढली. लाल टोकानं नावामागं खूण केली आणि बाजूला एक अक्षर लिहिलं. "कै.," तो मोठ्यानं म्हणाला. "पुढं टिंब."

बरोबर म्हणायला कुणी नव्हतं. पंखा तेवढा घरघरत होता. नंदू दारात उभा होता. हळूच म्हणाला, "विश्रामभाऊ, आता तरी एखादं बिनआवाजाचं नवं मशीन घेऊ या का?"

"नको रे," विश्राम म्हणाला. "उद्या येऊन याला तेवढं तेल घाल."

तात्पर्य: जो आपल्यासाठी राबतो त्याचा आवाज होणारच. त्याला थेंबभर तेल द्यावं, गप्प करू नये. शांतता काय, ती पुढं न मागता मिळते.